तारीखवार ऐकावे : ग्रेटफुल डेडच्या मैफलींच्या संग्रहात नव्याने शिरणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६५ साली उभ्या राहिलेल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडने पुढील तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली केल्या, आणि त्यांतील फार मोठ्या भागाचे ध्वनिमुद्रण कोणी ना कोणी जपून ठेवले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संकेतस्थळावर २००२ पासून थेट मैफलींचा जो विभाग चालतो, त्यात या एकाच बँडच्या दहा हजारांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्या ऐकण्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. नव्या श्रोत्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते, कारण एवढ्या साठ्यात कुठून आत जावे हे कोणी सांगत नाही.

मी परभणीत राहतो. पहिले तीन महिने मी ‘सर्वोत्तम मैफली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तारखा मिळेल त्या क्रमाने ऐकत गेलो. आज १९७७, उद्या १९६९, परवा १९९०. प्रत्येक मैफल चांगली वाटली, परंतु मनात काहीच साठले नाही, कारण कोणते वादन नवे, कोणते नेहमीचे, कोणत्या रात्री काही वेगळे घडले, हे समजण्यासाठी लागणारा आधार माझ्यापाशी नव्हता. त्यानंतर एक दौरा पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सलग ऐकला, आणि तेथून पुढे या संग्रहाची वाट सापडली.

आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनी सातही दिवस मंडपात बसून अनुभवला आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. हरिपाठ रोज तोच असतो, चालीही ओळखीच्या असतात. तरीही पाचव्या दिवशी मृदंग आणि टाळकरी कसे एक झाले, हे पहिल्या दिवसापासून बसलेल्यालाच उमगते. ग्रेटफुल डेड हा तसाच रोज ऐकण्याचा बँड आहे. गाणी ठरलेली असत, पण त्या रात्री कोणती गायची आणि प्रत्येक किती वाढवायची हे आधी नक्की नसे. त्यांच्या वादनातील ‘जॅम’ म्हणजे एकमेकांचे ऐकत जागेवरच केलेली उपज होय.

आधी जमवण्याच्या गोष्टी

- मोबाइल किंवा संगणक, आणि शक्यतो तारेचा हेडफोन. त्यातील बास वाढवणारी सोय बंद ठेवावी.
- एक जाड वही. हिच्याशिवाय पुढील पायऱ्यांचा फारसा उपयोग नाही.
- इंटरनेट आर्काइव्हवरील स्वतःचे विनामूल्य खाते, म्हणजे आवडलेल्या नोंदी खूण करून ठेवता येतात.
- उतरवून (डाउनलोड करून) घ्यायचे असल्यास मेमरी कार्डावर मोकळी जागा, आणि व्हीएलसीसारखा फ्लॅक (मूळ आवाजाची प्रत न घटवणारे स्वरूप) फाइल वाजवणारा प्लेअर.
- एका बैठकीला सव्वा ते दीड तास निवांत वेळ.

१. ही मुद्रणे कोणी केली, ते आधी समजून घ्या

ही चोरून काढलेली आणि विकायला ठेवलेली मुद्रणे नाहीत. श्रोत्यांनी टेप करावी आणि आपसांत देवाणघेवाण करावी, मात्र त्यावर पैसा कमवू नये, अशी बँडची भूमिका होती. ऑक्टोबर १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकीट ठेवण्यात आले. दुसऱ्या बाजूने, बँडचे स्वतःचे ध्वनितंत्रज्ञही मिक्सरवरून टेप भरत असत. त्यांतील बेट्टी कॅन्टर-जॅक्सन यांनी भरलेल्या टेपा स्वच्छ आणि समतोल आवाजासाठी आजही प्रमाण मानल्या जातात. ही मुद्रणे कोणत्याही कमाईच्या व्हिडिओत वापरू नयेत, ही विनंती मी येथेच करून ठेवतो.

२. नोंदीचे नाव आणि तारीख वाचायला शिका

प्रत्येक नोंदीच्या ओळखनावात साधारणपणे बँडची आद्याक्षरे ‘जीडी’, मग वर्ष, महिना, दिवस, आणि त्यानंतर मुद्रणाचा प्रकार दिलेला असतो. ‘एसबीडी’ म्हणजे मिक्सरवरून घेतलेले, ‘एयूडी’ म्हणजे श्रोत्यांत बसून मायक्रोफोनने घेतलेले, आणि ‘मॅट्रिक्स’ म्हणजे या दोहोंचे मिश्रण.

येथील मोठा सापळा तारखेचा आहे. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. जुन्या याद्यांत ‘५/८/७७’ असे दिसले की आपण सहजच ५ ऑगस्ट समजतो. प्रत्यक्षात ती ८ मे १९७७ ची मैफल असते. यासाठी वहीत तारीख लिहिताना महिना नेहमी अक्षरांत लिहावा. मी अंकांत लिहिलेली सुरुवातीची पाने मला पुन्हा तपासून नव्याने लिहावी लागली.

दुसरा सापळा संख्येचा. मैफली सुमारे २,३०० आणि नोंदी दहा हजारांहून अधिक, याचा अर्थ एकाच रात्रीच्या अनेक प्रती येथे आहेत. एकाच मैफलीची तीन मुद्रणे तीन निरनिराळ्या मैफली समजून ऐकली जाऊ नयेत, म्हणून नोंद उघडण्यापूर्वी तारीख वहीतील तारखांशी ताडून पाहावी.

३. अनेक प्रतींतून एक प्रत निवडा

ही पायरी घाईने उरकू नये. वाईट प्रत हाती लागल्यामुळे एखादी सुंदर मैफल कंटाळवाणी ठरवून सोडून दिली जाते, असे फार वेळा घडते.

मिक्सरवरचे मुद्रण स्वच्छ असते म्हणून ते नेहमीच श्रेष्ठ, हा समज अर्धाच खरा आहे. गावातील मंडपात साउंडवाल्याच्या मिक्सरला तार जोडून कीर्तन भरले, की महाराजांचा आवाज अगदी कानाशी येतो. परंतु ज्या वाद्यासमोर माइक नाही, ते दुरून आल्यासारखे वाटते. येथेही तसेच होते. लहान सभागृहात गिटारचे अँप्लिफायर मंचावरूनच पुरेसे ऐकू जात असल्यामुळे मिक्सरमधून त्यांचा आवाज कमी सोडला जाई, आणि टेपवर गायन पुढे व गिटार मागे राही. मोठ्या मैदानावर सर्वच वाद्ये मिक्सरमधून जात असल्याने तेथील मुद्रण अधिक समतोल असते. याउलट श्रोत्यांत बसून केलेल्या चांगल्या मुद्रणात सभागृहाचा घुमारा, टाळ्या आणि एखाद्या गाण्याचे पहिले सूर ओळखताच उठणारा हुंकार मिळतो. माझे मत असे की, पहिल्या दहा मैफली मिक्सरवरच्या ऐकाव्यात आणि कान तयार झाल्यावर श्रोत्यांमधील मुद्रणांकडे वळावे.

१९७४ या वर्षाबाबत एक वेगळी सूचना आहे. त्या वर्षी बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची प्रचंड ध्वनियंत्रणा वापरली, जिच्यात सगळे स्पीकर वादकांच्या पाठीमागे भिंतीसारखे रचलेले असत. माइकमध्ये मागचाच आवाज पुन्हा शिरून शिट्टी वाजू नये, म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट जोडणीने लावलेले असत. मागून आलेला आवाज दोन्हींत सारखाच शिरून परस्पर नाहीसा होई आणि एका माइकशी तोंड लावून गायलेला तेवढा उरे. यामुळे त्या वर्षीच्या मुद्रणांत गायन पातळ वाटते. तो आपल्या हेडफोनचा दोष नव्हे.

प्रत्येक नोंदीखाली टेपेचा प्रवास दिलेला असतो : मूळ रीळ, त्यावरून कॅसेट, तिच्यावरून डिजिटल प्रत, असे टप्पे ‘>’ या खुणेने जोडलेले असतात. कॅसेटवरून कॅसेट भरताना प्रत्येक वेळी खरखर वाढते, म्हणून मधले टप्पे जितके कमी तितके बरे. त्यानंतर पुढील तीन गोष्टी कानाने तपासाव्यात. पहिले गाणे सोडून दुसरे दोन मिनिटे ऐकावे, कारण पहिल्या गाण्यात मिक्सरवर आवाजांची जुळवाजुळव चालू असते. मग दुसऱ्या सेटमधील, म्हणजे मैफलीच्या दुसऱ्या भागातील, सर्वांत लांब वादन कुठे तुटलेले नाही ना, ते पाहावे. कॅसेट उलटताना किंवा रीळ बदलताना काही भाग गळत असे. काही प्रतींत तो भाग दुसऱ्या मुद्रणातून जोडून घेतलेला असतो, आणि तसे खाली नमूद असते. शेवटी स्वर तपासावा. जुन्या यंत्रांच्या वेगातील फरकामुळे काही टेपा चढ्या किंवा उतरत्या वाजतात. घरी पेटी असेल तर एखाद्या गाण्याचा षड्ज तिच्यावर धरून पाहावा, आणि तेच गाणे दुसऱ्या तारखेच्या मुद्रणात त्याच पट्टीत बसते का, ते पाहावे.

४. कालखंडांची ढोबळ ओळख करून घ्या

सगळा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. कोण वाजवत होते एवढे माहीत असले तरी कान लवकर स्थिरावतो. जेरी गार्सिया यांची गिटार, बॉब वीर यांची साथीची गिटार, फिल लेश यांचा बास आणि बिल क्रॉयट्झमन यांचे ड्रम हे चौघे आरंभापासून शेवटपर्यंत राहिले. दुसरे ड्रमवादक मिकी हार्ट सप्टेंबर १९६७ मध्ये आले, फेब्रुवारी १९७१ मध्ये बाहेर पडले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर परतले. त्यामुळे १९७१ ते १९७४ हा एकाच ड्रमवादकाचा, हलक्या आणि चपळ तालाचा काळ आहे. बदल होत राहिला तो मुख्यतः कीबोर्डच्या जागी : आधी पिगपेन या नावाने ओळखले जाणारे रॉन मॅकर्नन, ऑक्टोबर १९७१ पासून कीथ गॉडशॉ, आणि एप्रिल १९७९ पासून जुलै १९९० मधील मृत्यूपर्यंत ब्रेंट मिडलँड. शेवटची मैफल ९ जुलै १९९५ रोजी शिकागोत झाली आणि ठीक एका महिन्याने, ९ ऑगस्टला, गार्सिया गेले.

१९६८-६९ मधील वादन अतिशय तीव्र आणि नवख्याला अवघड वाटणारे आहे. सुरुवात तेथून करू नये. १९७५ साली केवळ चार मैफली झाल्या, हेही लक्षात असावे, नाहीतर ते वर्ष उघडून आपण नोंदी हरवल्या की काय असे समजून शोधत बसतो.

५. पहिली मैफल : ८ मे १९७७

प्रसिद्धीच्या यादीमागे धावू नका असे मी म्हणत असलो, तरी पहिली मैफल म्हणून न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली हीच मैफल सुचवतो. मुद्रण स्पष्ट आहे, बँड एकजीव आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपणुकीसाठी निवडलेल्या ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश आहे.

पहिला सेट एका रात्री, दुसरा दुसऱ्या रात्री ऐकावा. दुसऱ्या सेटच्या आरंभी ‘स्कार्लेट बिगोनियाज’ हे गाणे न थांबता ‘फायर ऑन द माउंटन’ या गाण्यात शिरते. यादीत दोन गाण्यांमध्ये ‘>’ ही खूण असेल, तर मधे थांबणे झालेले नाही असे समजावे. हा सांधा नेमका कोणत्या क्षणी वळतो, हे ऐकण्यासाठी मी तो भाग सलग चार रात्री ऐकला आणि प्रत्येक वेळी वळणाची जागा थोडी आधी सापडली. बासने ते वळण गिटारच्या आधीच घेतलेले आहे, असे मला वाटते.

येथे एक तांत्रिक सापळा आहे. ऐकण्याच्या सोयीसाठी मुद्रणाचे गाण्यागणिक तुकडे केलेले असतात, आणि काही प्लेअर दोन तुकड्यांमध्ये क्षणभर थांबतात. सांध्यावरच शांतता आली की सगळी उपज वाया जाते. विराम न देता सलग वाजवण्याची सोय सुरू करावी, आणि गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे बटण बंद असल्याची खात्री करावी.

६. एकच गाणे तीन तारखांना ऐका

आता ‘प्लेइंग इन द बँड’ हे गाणे घ्या. ते पहिल्यांदा मंचावर आले ते १८ फेब्रुवारी १९७१ रोजी, पोर्ट चेस्टर येथील कॅपिटॉल थिएटरमध्ये. तेव्हा ते पाच-सहा मिनिटांत आटोपते. एप्रिल १९७२ मध्ये, युरोप दौऱ्याच्या सुरुवातीच्या मैफलींत, ते दहा मिनिटांच्या आसपास पोहोचते. २१ मे १९७४ रोजी सिएटल येथे तेच गाणे ४६ मिनिटे चालले. या तीन तारखा एका आठवड्यात ऐकल्या, की एखाद्या बंदिशीचा विस्तार वर्षानुवर्षे कसा वाढत गेला हे कानासमोर उभे राहते.

तबल्याची थोडीशी ओळख असलेल्या मराठी श्रोत्याला हे गाणे विशेष जवळचे वाटेल, कारण त्याचा मुख्य भाग दहा मात्रांचा आहे. बोटांवर दहा मोजत ऐका. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे खंड त्यावर बसवण्याचा आग्रह मात्र धरू नका. आवर्तन दहाचे असले तरी त्याची चाल स्वतःची आहे. मधल्या उपजेत हे आवर्तन विरघळून जाते, मोजणी सुटते, आणि शेवटी सगळे वादक त्या दहा मात्रांच्या मुखड्यावर परत येतात. सिएटलच्या मुद्रणात त्या परतीची वाट पाहताना मला आपल्याकडील विलंबित ख्यालातील सम आठवली. १९६८-६९ मधील ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांत आहे, आणि १९७७ मध्ये आलेले ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सातांत. रूपक मोजणाऱ्यांनी ते जरूर मोजून पाहावे.

हे साम्य निव्वळ योगायोग नाही. मिकी हार्ट यांच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याचा गाढ प्रभाव होता, आणि उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबर त्यांनी १९७६ साली ‘दिगा’ आणि १९९१ साली ‘प्लॅनेट ड्रम’ हे ध्वनिमुद्रित संग्रह केले. १९७८ पासून दुसऱ्या सेटच्या मध्यावर दोन्ही ड्रमवादकांचे जे स्वतंत्र वादन नेहमीचे झाले, ते अनेक नवे श्रोते पुढे सरकवतात. कृपया तसे करू नका.

७. उतरवून घ्यावे की थेट ऐकावे

मिक्सरवरची मुद्रणे या संग्रहात केवळ थेट, म्हणजे नेटवरूनच, ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. २००५ च्या अखेरीपासून ही व्यवस्था आहे. श्रोत्यांमधील मुद्रणे मात्र उतरवून घेता येतात. म्हणून ज्यांच्याकडे संध्याकाळी नेट मंदावते, त्यांनी थेट ऐकणे पहाटे किंवा रात्री दहानंतर ठेवावे.

तीन तासांची मैफल एमपी-थ्री स्वरूपात साधारण २५० ते ३०० एमबी डेटा घेते, तर फ्लॅक स्वरूपात जवळपास एक जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर एमपी-थ्री पुरेसे आहे. ‘शॉर्टन’ या जुन्या स्वरूपातील फाइल टाळाव्यात, त्या आजच्या बहुतेक मोबाइलवर सरळ वाजत नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज ऐन रात्री जाते आणि तिच्याबरोबर घरातील वायफायही. त्यासाठी दोन-तीन मैफली आधीच उतरवून ठेवाव्यात आणि मोबाइल भरलेला असू द्यावा.

८. एक दौरा सलग ऐका : युरोप, १९७२

आता मुख्य काम. ७ एप्रिल ते २६ मे १९७२ या काळात बँडने इंग्लंड, डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग येथे मिळून २२ मैफली केल्या. आठवड्याला दोन या गतीने हा दौरा अकरा आठवड्यांत पूर्ण होतो. एखाद्या तारखेची चांगली प्रत मिळाली नाही तर वहीत तिची जागा मोकळी सोडून पुढे जावे, परंतु क्रम मोडू नये.

प्रत्येक मैफलीसाठी वहीचे एक पान ठेवा. वर तारीख, गाव आणि प्रतीचा क्रमांक; खाली गाण्यांचा क्रम, लांब वादनांची मिनिटे, आणि ज्या क्षणी आपण हातातील काम सोडून ऐकू लागलो तो क्षण. विशेषणे लिहू नयेत. ‘अप्रतिम’ हा शब्द दहाव्या पानावर काहीच सांगत नाही. ‘चौदाव्या मिनिटाला ड्रम थांबले, बास एकटा, मग पियानो’ ही ओळ मात्र वर्षानंतरही ती जागा दाखवते. ‘डार्क स्टार’ हे गाणे ज्या ज्या रात्री येते, त्या रात्रीसाठी दुसरे पान जोडा. १९६८ साली तबकडीवर तीन मिनिटांहूनही कमी असलेले हे गाणे या दौऱ्यात अर्ध्या तासाच्या घरात जाते, आणि प्रत्येक वेळी निराळ्या वाटेने जाते.

पहिल्या पाच-सहा मैफलींत थोडा कंटाळा येईल, कारण तीच गाणी पुन्हा पुन्हा येतात. तो सोसावा. साधारण सातव्या-आठव्या मैफलीपासून आपल्याला त्या रात्रीचे वेगळेपण न सांगता कळू लागते, आणि मे महिन्याच्या शेवटी लंडनच्या लायसियममधील चार रात्री येतात तेव्हा आपण नवखे राहिलेलो नसतो.

या दौऱ्यात पिगपेन यांचा ऑर्गन, त्यांची हार्मोनिका आणि त्यांचे ब्लूज गायन यांची प्रत्येक पानावर स्वतंत्र नोंद ठेवा. ते आजारी होते. हा त्यांचा शेवटचा दौरा ठरला आणि ८ मार्च १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, ते गेले. बाविसावी मैफल संपल्यावर लगेच दुसऱ्या वर्षात उडी घेऊ नका. २७ ऑगस्ट १९७२ ची, ओरेगॉनमधील वेनेटा येथे भर उन्हात उघड्या मैदानावर झालेली मैफल लावा. वादन बहरलेले आहे, कीथ यांचा पियानो मोकळा झाला आहे, आणि पिगपेन मंचावर नाहीत. वहीत ऑर्गनची नोंद ठेवत आलेली जागा त्या दिवशी कोरी राहील.